ज्वारीवर ताणलेली कॅसेट

ज्वारी निसवून दाण्यात दूध भरू लागलं की आमच्या भागातली वावरं बोलायला लागतात. पाखरं उठवायला माणसं ओरडतात, डबे वाजतात, कुठंतरी गोफण सुटते. हल्ली कुणी कुणी तेरखेड्याचे सुतळी बॉम्बही लावतं. आणि या सगळ्या गलक्याच्या खाली, कान दिला तर, एक लांबलचक गुंऽऽ असतं. ते ताटांच्या वरून, बांबूपासून बांबूपर्यंत ताणलेल्या पट्टीचं.

आता ही पट्टी खताच्या दुकानात मिळते. एका अंगानं चंदेरी, दुसऱ्या अंगानं लाल. माझ्या तरुणपणी कॅसेटमधली टेप ताणायचे. खराब झालेल्या कॅसेटी फोडायच्या, भावगीताच्या असोत, कीर्तनाच्या असोत, आतली तपकिरी टेप ओढून काढायची आणि उभ्या पिकावर ताणायची. उन्हात ती लखलखते, वाऱ्यात गुणगुणते. धुरासारखे वळत येणारे भोरड्यांचे थवे त्या आवाजाला बिचकतात.

पौष-माघात गावी जाणं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. धाराशिवहून आमचं गाव अर्ध्या तासावर, येडशीच्या अलीकडं. पण या दोन महिन्यांत मला नेमकी ऑफिसची कामं निघतात. हुरडा खायला बोलावणं आलं की दाढ दुखते. बायकोला वाटतं मला थंडी सोसत नाही. यंदा मात्र गेलो. का गेलो ते सांगायचं तर आधी दुसरंच काही सांगावं लागेल.

माझ्याबद्दल लोकांना एकच चमत्कारिक गोष्ट माहीत आहे. मला प्रोग्रेसिव्ह रॉक आवडतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे इंग्लंडातलं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं संगीत. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मध्येच बासरी, मध्येच चर्चमध्ये वाजतो तसा ऑर्गन, मग दहा मिनिटं कुणी गातच नाही. ठेका सात मात्रांचा, नाहीतर पाचांचा, कधी तेरांचा. त्यावर नाचता येत नाही, गुणगुणता येत नाही, कुणाला समजावूनही सांगता येत नाही.

गणपतीत एकदा पोरांनी विचारलं, तुझ्याकडं टेप हाय ना, लाव की काहीतरी. मी लावलं. पाच मिनिटं सगळे गप्प. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरं व्होल्टेज गेलं काय रं?" ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ एकदा माझे हेडफोन कानाला लावून म्हणाले, "हे गाणं हाय का बोअर पाडायची मशीन?" बायको लग्नानंतर पहिल्या वर्षी मन लावून ऐकायला बसली होती. अर्ध्या तासानं तिनं हळूच विचारलं, "अजून सुरू व्हायचंय का संपलं?" तिनं हे इतक्या सौम्यपणे विचारलं, की त्यानंतर मी तिला पुन्हा कधी ऐकवलं नाही. आता रविवारी सकाळी हेडफोन चढवले की ती म्हणते, "लागली का समाधी?" आणि भाजी निवडायला घेते.

मुलगी चार वर्षांची असताना एकदा मांडीवर बसून ऐकत होती. लांबच्या लांब कोरस चालू होता, शब्द नसलेला. तिनं कानांवर हात ठेवले. म्हणाली, "बाबा, ह्याच्यात कुणीतरी अडकलंय."

मी मशीन बंद केलं. त्या दिवशी जेवलो नाही.

या संगीताची मला लाज वाटते, असा सगळ्यांचा समज आहे. म्हणून मी एकटा ऐकतो, आवाज बारीक ठेवतो, कुणी आलं की बंद करतो. मीही तो समज राहू दिला. आवडीची लाज वाटणं परवडतं. लोक हसतात, सोडून देतात.

सोलापूरला डिप्लोमा करताना होस्टेलवर दिलीप नावाचा मित्र होता. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं आणलेल्या कॅसेटवरून हे मला लागलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीत बल्ब होता तसाच होता, भिंतीवर पालही तिथंच होती, पण खोली दुसरी झाली. दिलीपनं सांगितलं होतं, "हे सलग ऐकायचं लेका. मधी कॅसेट उलटली की मेलं." म्हणून त्याची कॅसेट नव्वदची होती. साठच्या कॅसेटमध्ये एका अंगाला तीस मिनिटं. नव्वदमध्ये पंचेचाळीस. आख्खा अल्बम एका बाजूला मावतो. त्याच्या कॅसेटवर दोन होते, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ती मला चार दिवसांपुरती दिली.

घरी टेप होता. फौजेतल्या मामानं आणलेला, दोन कप्प्यांचा, एका कॅसेटवरून दुसरी भरता येणारा. आबांनी, माझ्या वडिलांनी, ओसरीवरून दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "कोन मेलंय त्येंच्यात?" मोठी बहीण आक्का तुळजापूरला दिलेली, दिवाळीला आली होती. ती म्हणाली, "बापू, दिमाग फिरला व्हय तुझा? ह्याच्यापेक्षा आमचा नळ चांगला वाजतो."

आई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, सूप गाण्याबरोबर चाललंय. सात मात्रांचा तो अवघड ठेका, आमच्या होस्टेलवर एकालाही टाळीत धरता यायचा नाही, तो तिनं सुपात धरला होता. चार झटके लांब, तीन आखूड. गाणं थांबलं तेव्हा सूपही थांबलं. म्हणाली, "लंगडतंय, पण पडत न्हाय. चांगलं हाय की."

माझ्या आवडीला आयुष्यात मिळालेली ही एकमेव दाद. ती ज्यानं मिळवली त्यानं पुढं दोन दिवसांत काय केलं, ते आता.

आई नवरात्रात नऊ दिवस आराधीण व्हायची. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि भवानीची गाणी. तिचा आवाज गोड नव्हता. रुंद होता. संबळ वाजत असली तरी तिचा आवाज संबळेच्या वरून जायचा. त्या नवरात्रात मामा रजेवर होता. त्यानं तिची गाणी भरून घेतली, नव्वदच्या कॅसेटवर. मग कॅसेटच्या पाठीवर असतात त्या दोन बारक्या खुंट्या त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "आता हे कुणाच्या बापाला पुसता येनार न्हाय," मामा म्हणाला. आई हसली होती. "पुसतंय कोन?"

गावात कोरी नव्वदची कॅसेट मिळत नव्हती. दिलीपची परत द्यायची होती. घरात नव्वदची एकच होती. तिच्या एका बाजूला आईची गाणी, दुसरी बाजू कोरी. मोडलेल्या खुंटीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं, हे होस्टेलवर शिकलो होतो. मी कोऱ्या बाजूच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि पहिला अल्बम भरला. इथपर्यंत ठीक होतं. इथं थांबलो असतो तर हा लेख लिहिला नसता.

पण दिलीपच्या कॅसेटची दुसरी बाजू उरली होती. त्यातला तो तेवीस मिनिटांचा तुकडा, ज्यात माणसांचा आवाज हळूहळू ऑर्गनमधून वर येतो. मी आईची बाजू थोडी ऐकली. तिची गाणी पहिली वीस-बावीस मिनिटं होती, पुढं कोरं. कोऱ्या जागेत आख्खा अल्बम मावत नव्हता. निम्मा कापला गेला असता.

मी कॅसेट मागं गुंडाळून सुरुवातीला आणली. दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी लावली. पहिल्या वेळी दाराकडं बघून घेतलं होतं. दुसऱ्या वेळी नाही.

स्वतःला मी बरीच वर्षं सांगितलं की कॅसेटची बाजू चुकली. चुकली नव्हती. मला तेव्हा काय वाटलं होतं तेही लिहितो. आई घरातच आहे. रोज गाते. आत्ताही चुलीपुढं गुणगुणतेय. ते कुठं जातंय?

मग तिच्या बाजूला भरलेलं ऐकताना एक गोष्ट कळली. मामाच्या मशीनचं पुसणारं हेड नीट पुसत नसावं. गाणी वाजायची तेव्हा काही नाही. पण दोन गाण्यांच्या मधे जी चारेक सेकंदांची शांतता होती तिच्यात, खोल खाली, संबळेचा एक ठोका आणि एक श्वास होता. गाण्याच्या आधी आई घ्यायची तसा. श्वास घेतला जायचा, आणि पुढचं गाणं इंग्रजीत सुरू व्हायचं.

पुढं पौषाच्या तोंडावर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. येळवसेला आमच्याकडं आख्खं गाव रिकामं होतं, वावरात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. पाव्हण्यांना पोटाला तडस लागेपर्यंत वाढायचं. मी टेप घेऊन गेलो होतो. जेवणं झाली. मामाची बायको म्हणाली, "बाईची कॅसेट लाव की रं बापू, ती मामानं भरल्याली."

कॅसेट मशीनमध्येच होती. माझे हात आंबिलीनं चिकट झालेले. मी काहीतरी पुटपुटलो, सेल उतरलेत वगैरे. आईनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग ती म्हणाली, "डब्यातली कशाला, मी बसले की हितं," आणि गायला लागली. कोपीच्या तोंडाशी बसून, पदर सावरून, सगळ्या वावराला ऐकू जाईल असं. शेजारच्या कोपीतली माणसं उठून आली.

टेप माझ्यापुढं होता. भरायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, एक लाल आणि एक साधं. सेल उतरलेले नव्हते. दोन बोटं. मी दाबली नाहीत, कारण ती दाबली असती तर तो तेवीस मिनिटांचा तुकडा पुसला गेला असता.

पहिल्या गोष्टीला पोरकटपणा म्हणता येईल. या दुसऱ्या गोष्टीला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्यानंतरच्या श्रावणात आई गेली. काविळीनं, नऊ दिवसांत.

आबांनी वर्षभर कॅसेट मागितली नाही. आक्कानं एकदा विषय काढला तर म्हणाले, "वर्स सरू दे. आत्ता लावली तर ती जाता जाता थांबल." त्या वर्षभरात मी सोलापूरहून आलो की कॅसेट लावायचो, हेडफोननं, आणि ती चार सेकंदं ऐकायचो. मागं-पुढं, मागं-पुढं. ठोका, श्वास. ठोका, श्वास. एकदा मला वाटलं श्वास पूर्वीपेक्षा लांब झालाय. पुढच्या खेपेला अजून लांब. टेप ताणली गेली की असं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी हेडफोन काढून दार उघडून बसलो.

वर्षश्राद्धाला सगळे जमणार होते, आणि आबांनी सांगितलं होतं, जेवणं झाली की तिला ऐकायचं. त्या सकाळी सगळे ओढ्याकडं गेलेले असताना मी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि टेपेचा फास बाहेर ओढला. हातभर, मग दोन हात, मग भराभर. चुरगाळली. थोडी मशीनच्या चाकात गुंतवली. माणसं परतली तेव्हा मी त्या तपकिरी गुंत्यासमोर बसून रडत होतो. रडणं खरं होतं. "मशीननं खाल्ली," मी म्हणालो. आक्कानं मला जवळ घेतलं, डोकं थोपटलं.

आबा रागावले नाहीत. गुंता उचलून ओसरीवर नेला आणि दिवसभर सोडवत बसले. पिळे काढले, अंगठ्याच्या नखानं चुण्या मोडल्या, तुटलं तिथं गाठी मारल्या. ज्वारीच्या धाटाच्या तुकड्यावर गुंडाळून खुंटीला टांगली. पौष आला तेव्हा ती खांद्यावर घेऊन म्हणाले, "मशीनमधी वाजत न्हाय तर न्हाय. तिचा आवाज हाय त्याच्यात. वावरात तर लागू दे."

मला जो हंगाम आठवतो तो हा. पौषाचा शेवट आणि माघ.

वावराच्या मधोमध माळा होता, चार मेढींवर फळ्या टाकून केलेला, पाखरं राखायला बसायचा. माळ्यापासून चारी बांधांपर्यंत टेप ताणलेली. शंभर-सव्वाशे मीटर असते नव्वदच्या कॅसेटमध्ये. मी परीक्षेनंतरच्या सुट्टीत आबांबरोबर राखणीला जायचो. सकाळी पाखरांचा जोर असतो. दहा-अकराला ती पांगतात. मग भर दुपार. रामलिंगाच्या डोंगराकडून सपाट वारा यायचा, पाखरू नाही, माणूस नाही, उन्हात ताटं उभी, आणि सगळीकडून तो आवाज. एका ठिकाणाहून नाही. डोक्याइतक्या उंचीवर, चौफेर. कधी ऑर्गनसारखा, एकाच सुरात ठाम. कधी त्यावर दुसरा सूर चढायचा आणि दोघं मिळून हलायला लागायचे. मला प्रत्येक सूर ओळखीचा वाटायचा. ते वाऱ्याचं काम आहे, टेपेवर काय भरलंय याचा त्याच्याशी संबंध नाही, एवढं शिक्षण मला होतं. भर दुपारी माळ्याखाली उभं राहिलं की शिक्षण कुठं जातं कुणास ठाऊक.

आबा पाखरं नसतानाही माळ्यावरून उतरायचे नाहीत. ऐकत बसायचे. मधेच मान हलवायचे. "व्हय." थोड्या वेळानं, "बघतो की." एकदा, "आता काय त्याचं." गावात चर्चा झाली. बाया येता-जाता बांधावर थांबायच्या, हात जोडायच्या. "तात्याची मालकीण राखण करायलीय," असं लोक म्हणायचे; गावाला आबा म्हणजे तात्या. त्या वर्षी आमच्या वावरात पाखरांनी कणसाला तोंड लावलं नाही, हेही खरं. शेजारचं वावर फस्त झालं.

आणि मी काय करायचो? आबा भाकरी खायला विहिरीवर गेले की ताटांतून टेपेखालून चालायचो. टाचा उंचावून कान टेपेला लावायचो. हातभर पुढं सरकायचो, पुन्हा लावायचो. ती चार सेकंदं कुठंतरी या वावरात होती. वीतभर, फार तर दीड वीत टेप. कोणत्या तरी दोन बांबूंच्या मधे एक श्वास ताणून बांधलेला होता आणि मी त्याच्या खालून रोज जात होतो. पाती गालाला कापायची. एके दिवशी कान लावलेला असताना टेप एकदम थंड लागली. उन्हात. मी तिथं खूण म्हणून रुमाल बांधला. दुसऱ्या दिवशी रुमाल त्या ओळीत नव्हता, चार ओळी सोडून पलीकडं होता. वाऱ्यानं गेला असेल. गाठ मात्र माझीच होती, तशीच्या तशी.

मी त्यानंतर वावरात गेलो नाही.

खळं झालं की आबा टेप गुंडाळून ठेवायचे, पुढच्या पौषात पुन्हा ताणायचे. दर साली ती तुटून आखूड व्हायची. उन्हानं तिच्यावरचा तपकिरी थर सुटायचा, हात लावला की बोटाला तांबूस भुकटी यायची. कॅसेटमध्ये गाणं म्हणून जे असतं ते ही भुकटीच. ती आमच्या मातीत पडली, तिच्यावर पाऊस पडला, तिच्यात ज्वारी आली, आम्ही ती खाल्ली. शेवटी शेवटी टेपेचे बरेच तुकडे पांढरे, आरपार दिसणारे झाले होते. वाजायचे मात्र तसेच, असं आबा सांगायचे. मग दुकानातली चंदेरी पट्टी आली आणि आबांनी उरलेलं भेंडोळं ट्रंकेत ठेवलं.

फार वर्षांनी इंटरनेटवर मला कळलं की त्या तेवीस मिनिटांच्या तुकड्यातला कोरस माणसांनी त्या वेळी गायलेला नव्हताच. मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य असतं. पेटीला असतात तशा त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपेचा एकेक तुकडा बसवलेला, आठेक सेकंदांचा. त्यावर कुणा कुणा बायकांचे आवाज आधीच भरून ठेवलेले. पट्टी दाबली की ती बाई आठ सेकंद गाते, मग थांबते, मागं जाते, पुन्हा दाबण्याची वाट बघते. त्या बायका कोण, हे नीट कुणाला माहीत नाही. म्हणजे एका बाईचा आवाज पुसून मी तिच्या जागी अशाच बायका बसवल्या होत्या. माझ्या मुलीला जे चार वर्षांची असताना कळलं ते मला चाळिशीत कळलं.

आणि तरी मला ते संगीत आवडतं. यातलं खरं जड हे आहे. त्याचा तिटकारा आला असता तर काहीतरी फिटल्यासारखं झालं असतं. नाही आला. तो तुकडा मी अजून ऐकतो, आणि अजून खोली दुसरी होते.

यंदा पौष लागला तसा आक्काचा फोन आला. आवाज उत्साहाचा. "बापू, पुण्यात एक माणूस हाय म्हणं. जुन्या टेपा, तुटक्या-फुटक्या, कशा बी असू दे, जोडून त्यातला आवाज काढून देतो. आबांच्या ट्रंकेत आईची पट्टी हाय ना? पुढच्या आईतवारी येते आन् घेऊन जाते. एक गानं निघालं तरी लई झालं बघ. आबांचं वय बघ की. जाता जाता ऐकतील."

मी म्हणालो, "आक्का, त्यात काही नाही."

"तुला काय ठावं?"

"मलाच ठावं आहे."

आणि मी सांगितलं. खुंट्या, चिकटपट्टी, येळवस, वर्षश्राद्धाची सकाळ. फोनवर ते सगळं सात-आठ मिनिटांत मावलं.

आक्का म्हणाली, "त्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून रडलास. मी तुझं डोकं थोपटीत बसले व्हते."

"व्हय."

"मला रडायचं ऱ्हाऊन गेलं, बापू, तुला थोपटता थोपटता." ती पुढं म्हणाली, "आबांना तूच सांग. तू सांगितल्याबिगर मी त्या घराची पायरी चढत न्हाय. आन् मला फोन करू नको."

म्हणून यंदा गेलो.

आबा ब्याऐंशीचे आहेत. अजून सकाळी माळ्यावर चढतात, भाऊबंद ओरडले तरी. गोफण जमत नाही. माळ्यावरून दोरी ओढतात, बांधावरचे डबे वाजतात. मी शिडी चढून शेजारी बसलो. ज्वारी हुरड्यात आलेली. शेजारच्या वावरात दोघी-तिघी बाया हरभऱ्याची भाजी खुडत होत्या.

"आबा, एक सांगायचं होतं."

"आं?"

"सांगायचं होतं एक."

"मोठ्यानं बोल की. बारीक कामून बोलायलास? मला काय बी ऐकू येत न्हाय आता."

तीस वर्षं मी हे मनात घोळवलं होतं, ते हलक्या आवाजात. मान खाली घालून. अशा गोष्टी तशाच सांगायच्या असतात. आता ते मला वावरातून ओरडून सांगायचं होतं.

"कॅसेट मशीननं खाल्ली नव्हती! मी फोडली!"

"काय फोडली?"

"आईची कॅसेट! मी फोडली! तिच्यात आईचं गाणं नव्हतंच! मी पुसलं होतं! आई जिती असताना!"

आख्ख्या वावरातून पाखरं उठली. भाजी खुडणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. थवा आमच्या डोक्यावरून वळला, पुन्हा वळला, लांब जाऊन बसला. आबा तो बसेपर्यंत बघत होते.

"कशानं पुसलं?"

"दुसरं गाणं भरलं त्यावर! माझं! इंग्रजी!"

"म्हंजी तिचं गेलं."

"व्हय."

"कुठंच न्हाय?"

"कुठंच न्हाय!"

"वाईट केलंस," आबा म्हणाले. त्यांनी दोरी एकदा ओढली. डबे वाजले. मला वाटलं संपलं. तेवढ्यात ते म्हणाले, "तरीच."

"तरीच काय?"

"ती पट्टी मला नावानं हाक मारायची. सोपान म्हनायची. शिस्तीत, लांब. सोपाऽऽन. तुझ्या आईनं आख्ख्या जन्मात माझं नाव घेतलं न्हाय. मला पयल्याच साली कळलं व्हतं, ही काय आपली न्हाय."

"मग तुम्ही तिच्याशी बोलत का बसायचात?"

त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडून विचारलं.

"अरं, माझी माय गेली. थोरला भाऊ गेला. सोपान म्हननारं जितं कोन ऱ्हायलंय? तुमी आबा म्हनता, गाव तात्या म्हनतंय. एवढ्या मोकळ्या रानात कुनी नावानं हाक मारायलंय म्हनल्यावर जावं लागतंय." मग माझ्याकडं वळून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "पर बापू, तुझी ती इंग्रजी मानसं. त्येंना माझं नाव कुनी सांगितलं?"

वारा पडला होता. नवी चंदेरी पट्टी ताटांवर सैल लोंबत होती, एक कणीस हलत नव्हतं. बायाही कामाला लागल्या नव्हत्या, आमच्याकडंच बघत होत्या. मी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काहीतरी बोलणार होतो.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मान किंचित तिरकी केली, बहिरा कान वावराकडं केला, आणि म्हणाले, "ओऽ."